सासवडहून पाटाच्या पाण्यामागे गेलेलं घराणं : धाकट्याचा पत्ता लागत नाही

करहाकाठ | ४ जानेवारी, रात्री १०:१२

मंडळी, बरेच दिवस नुसता वाचक होतो. आज पहिल्यांदाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

आम्ही मूळचे सासवडचे माळी. सोपानदेवांच्या समाधीपासून हाकेच्या अंतरावर घर होतं म्हणतात. आता तिथे आमचं काहीच नाही. करहेला पाणी असतं चार महिने, त्यावर मळा पिकवून पोटं कितीशी भरणार? १८७६-७७ च्या दुष्काळाने होतं तेही सुटलं. पुढे भाटघरचं धरण बांधायला घेतलं आणि १८८५ च्या आसपास वीरच्या बंधाऱ्यावरून नीरेचा डावा कालवा वाहायला लागला. तेव्हा सासवडची जी घरं बैलगाड्यांत संसार भरून बारामतीकडे उतरली, त्यांत आमचे खापरपणजोबा होते. तिकडची माणसं पाटाचं पाणी घ्यायला कचरत. पाणीपट्टी मोठी, आणि जमीन फुटेल ही भीती. सासवडकरांनी त्याच जमिनी खंडाने धरल्या नि ऊस लावला.

त्यांना तीन मुलगे. घरात वाटपाचा दावा चालू आहे, त्यामुळे नावं-आडनावं इथे देत नाही. थोरला, मधला, धाकटा असंच म्हणतो. थोरला बारामतीकडेच राहिला. मधला म्हणजे माझे पणजोबा. ते पुढे नीरेच्या उजव्या कालव्यावर माळशिरस तालुक्यात आले. १९३२ साली सासवडच्या माळी बागायतदारांनी माळीनगरला स्वतःचा साखर कारखाना काढला, त्याचे ते अगदी छोटे भागधारक. इथवर सगळं कागदावर आहे.

अडलंय ते धाकट्यापाशी. आजीला विचारलं की ती एवढंच म्हणायची, ‘धाकटे तापात गेले, त्यांची माणसं माहेरी गेली.’ कुठला ताप, कुणाचं माहेर, कुठलं गाव, काही नाही. आमच्या देवघरात खंडोबा, तुळजाभवानी यांच्या टाकांशेजारी एक वीराचा टाक आहे. झिजून नाकडोळे गेलेत. आजी धुळवडीला त्याला न चुकता न्हाऊ घालायची. तो कुणाचा, हेही तिने सांगितलं नाही.

हाताशी एवढंच आहे : (१) सासवडच्या घराचा जुना उतारा, (२) मोडीतलं एक खत, वरचा कोपरा उंदरांनी खाल्लेला, त्यावर ‘सन १२९५’ दिसतं, (३) बारामतीकडचे फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदी, त्यांत फक्त थोरल्याचं नाव.

सन १२९५ म्हणजे नक्की कधी? शके धरलं तर १३७३ येतं, ते तर शक्यच नाही.

वाचकमात्र | ४ जानेवारी, रात्री १०:४०

वाखूसा (वाचनखूण साठवली). रोचक धागा होणार.

मोडीवेडा | ५ जानेवारी, सकाळी ७:०५

खताचा फोटो व्यनित (व्यक्तिगत निरोपात) मिळाला, धन्यवाद. अक्षर वळणदार आहे, पण लिहिणारा घाईत होता.

सन १२९५ हा शके नाही. आकड्यापुढे जे शेपूट आहे, ज्याला तुम्ही डाग समजलात, तो ‘फ’ आहे. म्हणजे फसली, साऱ्याच्या हिशेबाचं साल. दख्खनी फसलीत ५९० मिळवा, १८८५ येतं. साल जूनपासून धरायचं, म्हणून १८८५-८६. सुहूर सन असता तर ५९९ मिळवून १८९४ आलं असतं, नऊ वर्षांचा फरक पडला असता. या दोन सनांत गल्लत करून लोकांनी पणजोबांना त्यांच्या बापाआधी जन्माला घातलेलं मी स्वतः पाहिलंय.

मजकूर थोडक्यात असा : मौजे अमुक येथली जिराईत जमीन दहा सालं खंडाने दिली. ‘पाटाचे पाणियाचा आकार घेणाराने भरावा, सरकारसाऱ्याचा आकार देणाराने भरावा’. विहिरीवरचा आंबा मात्र देणाराने राखून ठेवलाय, फळासकट. घेणारा तुमचे खापरपणजोबा, ‘हल्ली वस्ती मौजे मजकूर, मूळ राहणार कसबे सासवड’. खाली नांगराची निशाणी आहे. म्हणजे सही येत नव्हती.

मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद धरत नाहीत आणि शब्दही सलग लिहितात. तेव्हा नावं बालबोधीत (देवनागरीत) आणताना एकाच वाचनावर अडून बसू नका.

करहाकाठ | ५ जानेवारी, सकाळी ८:३०

आंबा राखून ठेवला होता! हे वाचून मजा वाटली. म्हणजे घरात सांगत ते ‘कालव्याबरोबर आलो’ खरंच निघालं.

जिरायती | ५ जानेवारी, दुपारी १:१५

धागा चांगला आहे, पण एक टोचणी लावतो. तुमच्या घरात ‘आम्ही ओसाड माळाचं नंदनवन केलं’ असं सांगत असतील. माळ ओसाड नव्हता. त्यावर आमचे लोक बाजरी, हुलगा पिकवत होते. तुमच्या खतातला ‘देणार’ म्हणजे आमच्यासारख्याच कुणाचा तरी खापरपणजा. त्याचीही वंशावळ आहे. त्याच्या नातवाने पुढे स्वतःच्याच रानात ऊस तोडला असेल.

१९६१ च्या कमाल जमीन धारणा कायद्यात खाजगी कारखान्यांकडे असलेल्या जमिनी सरकारने घेतल्या, १९६३ ला शेती महामंडळ झालं, आणि ज्यांनी कारखान्यांना खंडाने जमिनी दिल्या होत्या ते खंडकरी पन्नास वर्षं मोर्चे काढत राहिले. जमीन परत मिळायची वेळ आली तेव्हा आमच्या घरी पहिला प्रश्न हाच होता, वंशावळ आणा. मूळ खंडकऱ्याचे वारस तोवर साठ-सत्तर झालेले. तुमच्यासाठी हा छंद आहे, आमच्यासाठी प्रतिज्ञापत्र होतं.

करहाकाठ | ५ जानेवारी, दुपारी २:००

जिरायती, मुद्दा मान्य. नंदनवनाचं भाषण आमच्याकडे दर दसऱ्याला होतं, खोटं कशाला बोलू. खतातल्या ‘देणार’चं नाव व्यनित पाठवतो. तुमच्या गावाकडचं असेल तर त्या घराला फोटो द्यायला आवडेल.

पुरंदरी | ५ जानेवारी, सायंकाळी ६:२०

थोडं अवांतर. आडनावावर फार विसंबू नका. महात्मा फुल्यांचंच बघा. घराणं मूळचं साताऱ्याकडच्या कटगुणचं, आडनाव गोऱ्हे. पणजोबा कुलकर्ण्याशी वितुष्ट आल्यावर गाव सोडून आमच्या पुरंदरात खानवडीला आले. पुढची पिढी पुण्यात फुलांच्या धंद्यात शिरली आणि गोऱ्ह्यांचे फुले झाले. दोन-तीन पिढ्यांत गाव बदललं, धंदा बदलला, आडनावही बदललं. तुमचा धाकटा कुठल्या आडनावाखाली दडलाय कुणास ठाऊक.

निवृत्त तलाठी | ६ जानेवारी, सकाळी ६:१०

चौतीस वर्षं दप्तर सांभाळलंय, म्हणून चार ओळी लिहितो.

पहिली गोष्ट. थोरल्याचंच नाव का, तर तो ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. भाऊ किती का असेनात, खात्याला नाव थोरल्याचं. फेरफाराच्या मजकुरात ‘ए.कु.मॅ. म्हणून’ हे शब्द आहेत का बघा. असतील तर बाकीचे भाऊ आहेत, फक्त दिसत नाहीत.

दुसरी गोष्ट. धाकटे ‘तापात’ गेले ना? मग साल १९१८ असणार. इन्फ्लुएन्झा. आमच्या तालुक्याचं त्या वर्षीचं कोतवाल बुक मी पाहिलंय. गाव नमुना १४, जन्ममृत्यूची नोंद. ऑक्टोबर १९१८ ची पानं उलटली की कारणाच्या रकान्यात ताप, ताप, आणि पुढे नुसती ‘सदर’ची खूण पान संपेपर्यंत. लिहिणाऱ्याचं अक्षरही मध्येच बदलतं. पहिला लिहिणारा कुठे गेला, ते पुढच्या पानावर कळतं.

तिसरी आणि महत्त्वाची. जमिनीच्या दप्तरात बाईचं नाव सहसा सापडत नाही, पण एका ठिकाणी हमखास सापडतं. बाप मेला, मुलगा लहान, तर वारसनोंद होते ‘अज्ञान, अ.पा.क. आई अमुक’. अज्ञान पालन कर्ता. तुम्ही पुरुषांची नावं शोधताय. १९१८-१९ च्या फेरफारात ‘अ.पा.क. आई’ शोधा.

पण कुठल्या गावचा फेरफार, हे कळायला हवं. त्यासाठी दप्तर उपयोगाचं नाही. त्र्यंबकला जा. १९२०-२१ ला सिंहस्थ होता. तुमचे पणजोबा भावाचं करायला गेले असतील तर तीर्थोपाध्यायांच्या वंशावळीच्या वहीत लिहून आले असतील.

मोडीवेडा | ६ जानेवारी, सकाळी ९:००

काकांना दंडवत. अ.पा.क. चा असा उपयोग माझ्या कधी डोक्यात आला नव्हता.

करहाकाठ | २६ जानेवारी, रात्री ११:३०

सुट्टी साधून त्र्यंबकला जाऊन आलो. सविस्तर लिहितो.

आधी आडनाव विचारलं, मग गाव. माळशिरस तालुका सांगितल्यावर गुरुजी म्हणाले, ते नको, मूळ गाव बोला. सासवड म्हटल्यावर आतून एक लांबट वही आली, कापडात गुंडाळलेली, पाठीवर दोरी. वीसेक मिनिटं पानं उलटली. मग बोट एका ठिकाणी थांबलं. पणजोबांचं नाव, वडिलांचं, आजोबांचं (हे नाव आम्हाला ठाऊकच नव्हतं, एक पिढी फुकट मिळाली), थोरल्या भावाचं, आणि मग, ‘धाकटे बंधू मयत, वस्ती’ आणि गावाचं नाव. कोपरगाव तालुक्यातलं. शेवटी पणजोबांनी स्वतःच्या हाताने ‘लिहिले सही’ केलंय. बाप नांगर काढायचा आणि मुलगा सही करतोय, ते पान बघताना मी बराच वेळ गप्प बसलो. गुरुजींनी चहा मागवला.

म्हणजे धाकटा गोदावरीच्या कालव्यावर गेला होता. नांदूर मधमेश्वरचा बंधारा आणि दारणा धरण त्याच दशकातलं, सगळं जुळतं.

परतताना कोपरगावला. दोन खेपा फुकट गेल्या, तिसऱ्या खेपेला कोतवाल बुक मिळालं. २९ ऑक्टोबर १९१८, पुरुष, वय ३४, माळी, कारण ताप. त्याच्या दोन ओळी वर त्याच आडनावाची एक मुलगी, वय ३. ती आमच्या कुठल्याच वंशावळीत नव्हती. वडाच्या पारंब्यांसारखं जे चित्र आम्ही घरात फ्रेम करून लावलंय, त्यात आता तिच्यासाठी रेघ काढायची आहे. नावाच्या जागी नोंदीत नुसतं ‘मुलगी’ आहे.

आणि काका, तुमचा फेरफार सापडला! धाकट्याने सव्वादोन एकर विकत घेतली होती. ‘मयत, वारस मुलगा, वय ६, अज्ञान, अ.पा.क. आई’, पुढे धाकट्याच्या बायकोचं नाव. त्यानंतर त्या गावात या आडनावाचं कुणीच नाही. गेले कुठे?

गुळव्या | २७ जानेवारी, सकाळी १०:१५

सव्वादोन एकर विकत का घेतली, याचा अंदाज सांगतो. ऊस खंडाच्या रानात होतो, पण गुऱ्हाळाला जागा लागते ती हक्काची. चरक रोवायचा, चुलवाण खणायचं, काहील चढवायची, चिपाडांची गंज रचायची. पुढच्या वर्षी मालकाने उठवलं तर चुलवाण काय डोक्यावर घेऊन जाणार? आमच्या आजोबांनीही आधी गुऱ्हाळापुरतीच जमीन घेतली. बेणं पुंड्या उसाचं. तो इतका मऊ की कोल्ह्यांनी अर्धा खायचा. नंतर ईके २८ आला, पीओजे आला, आणि पुढे को ४१९ ने सगळ्यांची सुट्टी केली.

मंदीत गुळाचा भाव कोसळला तेव्हा अशी गुऱ्हाळाची तुकड्या-तुकड्यांची जमीन खूप जणांनी फुंकली.

प्रवराकाठची | २ फेब्रुवारी, रात्री १२:४०

नमस्कार. दोन दिवस हा धागा वाचतेय, लिहू की नको असं चाललं होतं. माझ्या माहेरची गोष्ट सांगते. कदाचित काही संबंध नसेल.

माहेर श्रीरामपूर तालुक्यात. आजोबा १९१२ चे. आजोळी वाढले, मामांच्या घरी. मामा भंडारदऱ्याचं पाणी आल्यावर सासवडकडून या भागात आले. शाळेत नाव घालताना मामांनी स्वतःचंच आडनाव सांगितलं, ते जनरल रजिस्टरला लागलं आणि तेच आमचं झालं. पुढे आजोबांचं लग्न मामाच्या मुलीशी. म्हणजे आजीचं माहेरचं आणि सासरचं आडनाव एकच. लहानपणी मैत्रिणी विचारायच्या, असं कसं गं चालतं तुमच्यात?

गावात त्या आडनावाची आमची मोठी भावकी आहे, पण त्यांच्यात कुणी गेलं तर आम्हाला सुतक नाही. आमच्यात कुणी गेलं तर त्यांना नाही. देवकही वेगळं. मी एकदा वडिलांना विचारलं, मग आपल्याला सुतक कुणाचं? ते म्हणाले, ‘आपल्याला आपलंच.’

आजोबांच्या वडिलांबद्दल एवढंच माहीत आहे की तरुणपणी गेले. पितृपंधरवड्यात त्यांचा महाळ दशमीला असतो. ‘सासवडच्या आबांचं पान’ म्हणतात त्याला. पानात गुळाचा खडा ठेवतात.

करहाकाठ | २ फेब्रुवारी, सकाळी ६:०२

ताई, झोप उडवलीत. तुमच्या आजोबांच्या आईचं नाव व्यनि कराल का?

करहाकाठ | २ फेब्रुवारी, सकाळी ९:४५

नाव आलं. जुळत नाही. फेरफारात वेगळं आहे, ताईंच्या घरात वेगळं.

बंधारा | २ फेब्रुवारी, सकाळी १०:३०

मला वाटलंच होतं. बाप १९१८ ला गेला आणि पोर आजोळी वाढलं, अशी घरं त्या काळी गावोगाव होती. इच्छा आहे म्हणून नातं जोडू नका. सासवडचे माळी कालव्याकालव्यावर पसरलेत, योगायोग सहज होतो.

मोडीवेडा | २ फेब्रुवारी, दुपारी १२:२०

बंधारा यांचा सावधपणा रास्त आहे. पण दोन गोष्टी नोंदवतो. एक, बाईला दोन नावं असतात. माहेरचं आणि लग्नात ठेवलेलं. फेरफार सासरच्या गावी झाला, तिथे सासरचं नाव लागलं. ताईंच्या घरी ती माहेरी परत आलेली लेक होती, तिथे तिला माहेरच्याच नावाने हाक मारणार.

दोन, आत्ताच पंचांग काढून बसलो. २९ ऑक्टोबर १९१८ ला अश्विन वद्य दशमी येते. महाळ तिथीवर असतो, महिना कुठलाही असो.

पुरंदरी | २ फेब्रुवारी, दुपारी १२:२५

अंगावर काटा!

बंधारा | २ फेब्रुवारी, दुपारी १:००

तिथीचा मुद्दा जोरदार आहे, कबूल. तरी पंधरात एक एवढा योगायोग होऊच शकतो. कागद हवा.

निवृत्त तलाठी | २ फेब्रुवारी, सायंकाळी ५:५०

कागद आहे. माणूस सापडत नसला की जमिनीच्या मागे जायचं. ते सव्वादोन एकर आज कुणाकडे आहेत? त्याच्याकडे ते कसे आले? मुलगा सज्ञान झाल्याशिवाय सहजासहजी विकता येणार नाही. म्हणजे १९३० नंतरचा खरेदीचा फेरफार बघा. खरेदी देणाराचं ‘राहणार’ काय लिहिलंय, तेवढंच वाचा.

करहाकाठ | १७ फेब्रुवारी, रात्री ९:१५

काका, नक्कल आत्ता समोर आहे.

१९३३ चा फेरफार. खरेदी देणार धाकट्याचा मुलगा, वय २१. आडनाव आमचं. ‘राहणार’ पुढे गाव ताईंच्या माहेरचं, तालुक्यासकट. साक्षीदार म्हणून मामाची सही, तिथे मामाचं आडनाव, जे आता ताईंच्या माहेरचं आहे. म्हणजे शाळेत एक आडनाव आणि जमिनीत दुसरं, दोन्ही घेऊन ते एकविसाव्या वर्षापर्यंत वावरले. जमीन विकली आणि आमचं आडनाव त्या दिवशी संपलं.

आम्ही ज्यांना हरवलेले समजत होतो, ते आमच्यापासून अडीचशे किलोमीटरच्या आत, दुसऱ्या कालव्यावर ऊसच लावत होते.

बंधारा | १७ फेब्रुवारी, रात्री ९:३०

माघार. अभिनंदन!

जिरायती | १७ फेब्रुवारी, रात्री १०:०५

मस्त. आणि जाता जाता, खतातला तो ‘देणार’ आमच्या शेजारच्या वस्तीवरच्यांचा निघाला. फोटो दिला त्यांना. विहीर बुजलीय. आंबा २००३ च्या दुष्काळापर्यंत होता म्हणाले.

प्रवराकाठची | १८ फेब्रुवारी, सकाळी ७:२०

वडिलांना रात्रीच वाचून दाखवलं. त्यांनी दोनदा आडनाव वाचायला लावलं. मग म्हणाले, त्या मुलीचंही पान ठेवायला हवं होतं.

दादा म्हणू ना तुम्हाला? पिढी मोजली, तुमचे पणजोबा आणि माझे पणजोबा सख्खे भाऊ. म्हणजे आपण एकाच पायरीवर.

करहाकाठ | १८ फेब्रुवारी, सकाळी ७:४५

दादाच म्हण. धुळवडीला वडिलांना घेऊन ये, वीराला आंघोळ त्यांच्या हातून होऊ दे.

एक सांगायचं राहिलं. गेल्या श्रावणात माझे थोरले काका गेले. पंचाऐंशी वर्षांचे होते. त्यांचं सुतक तुम्हाला होतं, तुम्हाला कळवायला कुणाला ठाऊकच नव्हतं.

प्रवराकाठची | १८ फेब्रुवारी, सकाळी ८:३०

उशिरा कळलं तर नुसती आंघोळ करायची असते, आई म्हणाली. वडील आत्ता न्हाणीतून बाहेर आलेत.